रॉकेटं वाढली, पण कारखान्यात नेमकं अडतंय कुठे?

मधली आळी (धागाकर्ता)

आपल्याकडे रॉकेटांची चर्चा बहुतेक वेळा उड्डाणाच्या दिवशी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी संपते. उद्योग म्हणून त्याकडे बघणारा धागा सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

आधी वाढीचा अंदाज. २०१८ साली जगभरात मिळून ११४ उड्डाणं झाली आणि १९९० नंतर पहिल्यांदाच शंभरी ओलांडली गेली. २०२४ मध्ये हा आकडा अडीचशेच्या वर गेला. त्यातली १३४ उड्डाणं एकट्या स्पेसएक्सच्या फाल्कन घराण्याची, ६८ चीनची, पाच भारताची आणि तीन युरोपची. एवढ्या मोठ्या फरकाचं कारण तंत्रज्ञानाचं गुपित असेल असं मला वाटत नाही. घन इंधन कसं ओततात, इंजिनात इंधन ढकलणारा टर्बोपंप कसा चालतो, टाकी कशी वेल्ड करतात हे पन्नास वर्षांपासून छापील पुस्तकांत आहे. फरक पडतो तो तेच काम आठवड्याला एकदा, न चुकता करता येतं की नाही यावर. मिक्सर किती, भट्ट्या किती, एक्स-रे करणारी माणसं किती, आणि एखादा बारीक भाग पुरवणारा एकच पुरवठादार आहे का, इथे गाडी अडते.

जाणकारांनी तपशिलात लिहावं. प्रक्षेपक आणि क्षेपणास्त्रं दोन्ही चालतील, कारण घन मोटरींच्या (घन इंधनावर चालणाऱ्या रॉकेट मोटरींच्या) बाबतीत दोन्ही एकाच कच्च्या मालाच्या रांगेत उभी असतात.

---

टर्बोपंप

चांगला विषय. पुनर्वापरापासून सुरू करतो, कारण त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय.

फाल्कन ९ चा पहिला टप्पा २०१५ च्या डिसेंबरात पहिल्यांदा जमिनीवर सुखरूप उतरला आणि वापरलेला टप्पा मार्च २०१७ मध्ये पहिल्यांदा पुन्हा उडाला. आता काही टप्पे ३० पेक्षा जास्त वेळा उडालेत. यावरून 'म्हणजे कारखान्याचं काम संपलं' असं लोक समजतात. तसं नाही. दुसरा टप्पा प्रत्येक वेळी नवा लागतो. २०२४ च्या १३४ उड्डाणांना तितकेच दुसरे टप्पे आणि तितकीच निर्वातासाठीची मर्लिन इंजिनं लागली. वर्षाचे ३६६ दिवस भागिले १३४, म्हणजे दर पावणेतीन दिवसांनी एक पूर्ण टप्पा कारखान्यातून बाहेर. टाक्या, वेल्डिंग, इंजिन, वायरिंग, चाचणी, सगळं धरून.

म्हणजे पुनर्वापरामुळे ओझं पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर सरकलं. पहिल्या टप्प्यात नऊ इंजिनं असतात. तो दर वेळी टाकून द्यावा लागला असता तर वर्षाला बाराशेच्या वर मर्लिन लागली असती. तेवढी इंजिनं कोणीच बनवू शकलं नसतं. पैशांची बचत होतेच, पण एरवी अशक्य असलेला उड्डाणांचा वेग शक्य झाला, हे मला त्याहून मोठं वाटतं.

---

गणिती

टर्बोपंप यांच्या मुद्द्याला जोडून. पुनर्वापर फुकट मिळत नाही. फाल्कन ९ चा पहिला टप्पा टाकून दिला तर पृथ्वीच्या खालच्या कक्षेत २२.८ टन जातात. समुद्रातल्या तराफ्यावर उतरवायचा असेल तर साधारण साडेसतरा टन. म्हणजे वहनक्षमता २३ टक्क्यांच्या आसपास घटते. परतीचं इंधन, पाय, टायटॅनियमच्या जाळीच्या पंखांचं वजन, सगळं त्यात येतं. प्रक्षेपणतळावरच परत आणायचा तर टप्प्याला उलटं वळून मागे यावं लागतं, त्यात आणखी इंधन जातं.

लहान रॉकेटाला ही घट झेपत नाही. दीड-दोन टन नेणाऱ्या रॉकेटात उतरण्याचं सामान आणि इंधन काढल्यावर वाहून न्यायला फारसं काही उरत नाही. म्हणून पुनर्वापर करणारी नवी रॉकेटं सगळी मोठी होत चालली आहेत: न्यू ग्लेन, न्यूट्रॉन, चीनचं झूचे-३.

---

पाचवा मजला

उतरताना नेमकं काय बिघडतं? 'इंजिन पेटलं नाही' एवढंच बातम्यांत असतं.

---

टर्बोपंप

@पाचवा मजला, क्रम असा असतो. साधारण अडीच मिनिटांनी टप्पे सुटतात. पहिला टप्पा थंड नायट्रोजनच्या फवाऱ्यांनी स्वतःला वळवतो. दाट हवेत शिरताना तीन इंजिनं थोडा वेळ पेटतात, नाहीतर बूड भाजून निघेल. मग जाळीचे पंख दिशा सांभाळतात आणि शेवटी सहसा मधलं एक इंजिन पेटवून टप्पा उतरतो.

मर्लिन पेटवायला ठिणगी नसते. हवेशी संबंध आला की आपोआप पेटणारा ट्रायइथिल ॲल्युमिनियम आणि ट्रायइथिल बोरेन यांचा द्रव आत सोडतात. चित्रफितीत सुरुवातीला हिरवी झाक दिसते ती त्याचीच. हा द्रव मोजकाच भरलेला असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये फाल्कन हेवीच्या (यात तीन पहिले टप्पे शेजारी-शेजारी जोडलेले असतात) पहिल्या उड्डाणात त्या तिघांतल्या मधल्यात तो संपला, तीनपैकी दोन इंजिनं पेटलीच नाहीत आणि टप्पा तराफ्याजवळ समुद्रात आदळला. त्याच वर्षी डिसेंबरात जाळीचे पंख हलवणारा हायड्रॉलिक पंप अडकला. टप्पा गिरक्या घेत पाण्यात उतरला, तरी इंजिनांनी शेवटी त्याला बराच सावरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका इंजिनाभोवतीच्या संरक्षक आवरणाला भोक पडलं, त्यातून गरम वायू आत शिरला, इंजिन बंद पडलं आणि टप्पा गेला. ते आवरण ताफ्यातल्या सगळ्यांत जास्त उड्डाणं झालेल्यांपैकी होतं. जुना भाग किती उड्डाणांनंतर बदलायचा हे अशा अपघातांतूनच ठरत गेलं.

एक टप्पा उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ २०२५ मध्ये ९ दिवसांवर आला. यात तपासणी कमी केलेली नाही. कुठे बघायचं आणि कुठे बघायची गरज नाही हे शेकडो उतरणींच्या नोंदींवरून कळलंय.

---

क्रायो

इंधनातला बदल राहिलाच. नवी मोठी इंजिनं बहुतेक मिथेनवर आहेत: स्टारशिपचं रॅप्टर, व्हल्कन आणि न्यू ग्लेनचं बीई-४, रॉकेट लॅबचं आर्किमिडीज. मिथेनवर कक्षेत पोचणारं पहिलं रॉकेट मात्र चीनचं झूचे-२, जुलै २०२३ मध्ये.

मिथेनच का? केरोसीन इंजिनाच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्यांतून थंडाव्यासाठी फिरतं तेव्हा तापून काजळी धरतं. वाहिनी अरुंद झाली की तेवढा भाग जास्त तापतो आणि तिथेच तडा जातो. एकदाच उडणाऱ्या इंजिनाला याची फिकीर नाही. वीस वेळा उडणाऱ्याला आहे. मिथेन त्या मानाने स्वच्छ राहतं.

दुसरं कारण तापमानाचं. द्रव प्राणवायू उणे १८३ अंशांना उकळतो, मिथेन उणे १६१ ला. दोघांत फरक कमी, म्हणून दोन टाक्यांमध्ये एकच भिंत ठेवता येते. हायड्रोजन उणे २५३ ला उकळतो, शिवाय इतका विरळ की द्रवरूपातही एका लिटरचं वजन ७१ ग्रॅमच भरतं. टाकी अवाढव्य होते. मिथेन साधारण ४२० ग्रॅम, केरोसीन ८०० च्या आसपास.

तिसरं, आणि उत्पादनाच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटणारं: मिथेन आणि प्राणवायू दोन्ही इंजिनाच्या उष्णतेवर वायू करून तोच टाकीत दाबासाठी परत सोडता येतो. मग त्या कामासाठी हीलियम लागत नाही. हीलियम महाग आहे आणि त्याच्या उच्च दाबाच्या बाटल्यांनी या उद्योगाला फार त्रास दिलाय. त्यावर वेगळं लिहितो.

---

घनइंधन

मूळ प्रश्नाचं सगळ्यांत स्पष्ट उत्तर घन मोटरींत आहे, म्हणून जरा सविस्तर.

आजच्या मोठ्या घन मोटरीत तीन मुख्य गोष्टी: प्राणवायू पुरवणारं अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारं एचटीपीबी नावाचं रबरासारखं राळ. वजनात सगळ्यांत जास्त वाटा परक्लोरेटचा.

आता कारखान्यात काय होतं ते बघा. परक्लोरेट वाळवलं जातं, त्याचा काही भाग बारीक दळतात. दाण्यांचं जाड-बारीक प्रमाण बदललं की जळण्याचा वेग बदलतो, म्हणून दर खेपेचे दाणे मोजावे लागतात. हवेतली आर्द्रता वाढली की दाणे एकमेकांना चिकटतात, त्यामुळे खोलीची आर्द्रता हे नुसतं सोयीचं प्रकरण राहत नाही. मग उभ्या मिक्सरमध्ये राळ आणि भुकट्या एकत्र होतात. पाती ग्रहांसारखी फिरतात, स्वतःभोवतीही आणि भांड्याभोवतीही. शेवटी राळ घट्ट करणारं द्रव्य घालतात आणि तिथून घड्याळ सुरू होतं. लगदा दर मिनिटाला दाट होत जातो. ठरलेल्या तासांत तो निर्वातात केसिंगमध्ये, म्हणजे मोटरीच्या बाहेरच्या नळकांड्यात, ओतला गेला पाहिजे. उशीर झाला तर तो नीट वाहत नाही आणि आत हवेचे खिसे राहतात. ओतल्यावर कित्येक दिवस मंद उष्णतेत मुरवायचं, मग मधला साचा ओढून काढायचा. साच्याच्या आकाराची पोकळी राहते, तीच जळण्याची पृष्ठभूमी.

खिसा राहिला, तडा गेला किंवा इंधन आतल्या आवरणापासून सुटलं, तर जळताना तिथे नवा पृष्ठभाग उघडा पडतो. जळणारं क्षेत्रफळ वाढलं की दाब वाढतो, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. द्रव इंजिनाचा व्हॉल्व्ह बंद करता येतो. इथे ती सोय नाही. म्हणून तपासणी घाईत उरकता येत नाही.

आता आकार. इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटाच्या बाजूला लावतात त्या एका एस२०० मोटरीत २०० टनांहून जास्त इंधन तीन तुकड्यांत असतं, आणि एकट्या मधल्या तुकड्यात सुमारे ९७ टन. लहान मिक्सर असेल तर अनेक खेपा लागतात आणि प्रत्येक खेप आधीच्या खेपेशी तंतोतंत जुळायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये इस्रोला बंगळुरूच्या सीएमटीआय या उत्पादन तंत्रज्ञान संस्थेच्या साथीने १० टनांचा उभा मिक्सर मिळाला. घन इंधनासाठीचा जगातला सगळ्यांत मोठा. वजनच सुमारे दीडशे टन. माझ्या मते त्या वर्षातली आपल्याकडची ही सगळ्यांत दुर्लक्षित बातमी. मधला तुकडा दहा खेपांत भरता येतो म्हटल्यावर वेळापत्रक कसं बदलेल याचा हिशेब करा.

---

मधली आळी

@घनइंधन, फार उपयोगी. मग सरळ चार मिक्सर जास्त का बसवत नाहीत?

---

घनइंधन

कारण मिक्सरसोबत बरंच काही चौपट करावं लागतं. स्फोटक माल हाताळणाऱ्या प्रत्येक इमारतीत एका वेळी किती माल ठेवायचा आणि शेजारची इमारत किती दूर असावी याचे नियम कडक आहेत. मिक्सर चालू असताना आत माणूस नसतो, सगळं दुरून चालतं. म्हणजे जमीन, मातीचे बांध, वेगळा रस्ता, वेगळी नियंत्रण खोली. ओतायचे खड्डे आणि मुरवण्याच्या भट्ट्याही त्याच प्रमाणात हव्यात, नाहीतर मिक्सर रिकामा उभा राहील.

आणि कच्चा माल. ४ मे १९८८ ला अमेरिकेत नेवाडातल्या हेंडरसनजवळ पेपकॉनचा परक्लोरेटचा कारखाना उडाला. १९८६ मधल्या चॅलेंजर या स्पेस शटलच्या अपघातानंतर शटलची उड्डाणं थांबली होती, त्यामुळे माल उचलला जात नव्हता आणि हजारो टन परक्लोरेट आवारातच साठलं होतं. दोन माणसं गेली, शेकडो जखमी झाली. त्या वेळी अमेरिकेत परक्लोरेट बनवणारे दोनच कारखाने होते आणि दुसराही हेंडरसनमध्येच. पेपकॉनचं उत्पादन नंतर युटामध्ये सीडर सिटीजवळ उभं राहिलं. दुसऱ्या कारखान्याने १९९८ मध्ये हे काम सोडलं आणि मग वर्षानुवर्षं अख्ख्या अमेरिकेला एकच मोठा पुरवठादार उरला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि क्षेपणास्त्रांची मागणी एकदम चढली तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना टोचली.

मोटर बनवणाऱ्यांचंही तेच. १९९० च्या दशकात अमेरिकेत घन मोटरींचे सहा मोठे उत्पादक होते, विलीनीकरणानंतर दोन उरले. ऑर्बिटल एटीके २०१८ मध्ये नॉर्थ्रॉप ग्रुमनकडे गेली, एरोजेट रॉकेटडाइन २०२३ मध्ये एल३हॅरिसकडे. आता अर्सा मेजर, एक्स-बो, अँड्युरिल हे नवे लोक घन मोटरींत उतरलेत.

इस्रोने परक्लोरेटसाठी केरळात अलुवा इथे स्वतःचा कारखाना फार आधीपासून उभा केला, हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते आज कळतं.

---

नोझल

इंधनाबद्दल लिहिलंत, पण अलीकडचे घन मोटरींचे बरेच अपघात इंधनामुळे झालेलेच नाहीत. नोझल (गरम वायू बाहेर पडतो ते तोंड) आणि उष्णतारोधक आवरण हे दुबळे दुवे निघाले.

युरोपचं वेगा-सी, डिसेंबर २०२२. दुसऱ्या टप्प्याच्या झेफिरो-४० मोटरीच्या नोझलच्या घशात कार्बन-कार्बनची कडी बसवलेली होती. ती अपेक्षेपेक्षा फार वेगाने झिजली, दाब पडला, रॉकेट गेलं. कडी युक्रेनमधून आलेली होती. साहित्य बदललं, पण जून २०२३ च्या जमिनीवरच्या चाचणीतही नोझलने दगा दिला आणि मग नोझलची रचनाच नव्याने करावी लागली. पुढचं उड्डाण डिसेंबर २०२४ मध्ये. एका कडीपायी दोन वर्षं.

अमेरिकेच्या व्हल्कनचं दुसरं उड्डाण, ऑक्टोबर २०२४. बाजूच्या एका घन मोटरीचं नोझल उडताना तुटून पडलं. रॉकेट तरीही कक्षेत पोचलं, कारण मुख्य इंजिनांनी कमी पडलेला रेटा भरून काढला. तपासात नोझलच्या आतल्या एका उष्णतारोधक भागात उत्पादनातला दोष सापडला.

जपानचं एप्सिलॉन एस तर उड्डाणापर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्या टप्प्याची मोटर जुलै २०२३ मध्ये नोशिरोला चाचणीत फुटली. पेटवणाऱ्या यंत्रणेचा धातू वितळून उष्णतारोधक आवरणाची हानी झाली असा निष्कर्ष निघाला. दुरुस्ती केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तानेगाशिमाला पुन्हा फुटली.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ ला तिसऱ्या, म्हणजे घन इंधनाच्याच टप्प्यात मोटरीतला दाब घसरला आणि उपग्रह गेला. पीएसएलव्हीसारखं दशकानुदशकं उडणारं रॉकेट असलं तरी प्रत्येक मोटर नव्याने ओतलेली असते. द्रव इंजिन उड्डाणाआधी पेटवून बघता येतं. घन मोटर पेटवून बघितली की ती संपली. जी उडणार तिची पहिली चाचणी म्हणजेच उड्डाण. एक्स-रे, अल्ट्रासाउंड आणि कागदोपत्री नोंदी यांवरच सगळा भरवसा.

---

क्रायो

बाटल्यांबद्दल लिहितो म्हटलं होतं.

जून २०१५: फाल्कन ९ च्या दुसऱ्या टप्प्यात हीलियमची बाटली धरून ठेवणारी एक दांडी तुटली. कंपनीच्या तपासाप्रमाणे ती १०,००० पौंड बलाला उतरायला हवी होती, २,००० वरच तुटली. बाटली सुटली, टाकी फुटली. सप्टेंबर २०१६: तळावर इंधन भरताना बाटलीच्या धातूच्या अस्तरात आणि बाहेरच्या कार्बनच्या वेढ्यात अतिथंड प्राणवायू अडकला, घर्षणाने पेटला आणि अख्खं रॉकेट उपग्रहासकट गेलं. जून २०२५: टेक्सासमध्ये चाचणीच्या ओट्यावर स्टारशिपचा वरचा टप्पा फुटला, तिथेही दाबाच्या बाटलीकडेच बोट गेलं, या वेळी नायट्रोजनच्या.

आणि जुलै २०२४. शेकडो यशस्वी उड्डाणांनंतर फाल्कनच्या दुसऱ्या टप्प्यातून प्राणवायू गळाला. कारण: दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणाऱ्या बारीक नळीला तडा. ती नळी धरणारी पकड सैल झाली होती, इंजिनाच्या कंपनांनी नळी हलत राहिली आणि धातू थकला. तो सेन्सर त्या उड्डाणाला आवश्यकसुद्धा नव्हता, म्हणून पुढच्या काही उड्डाणांसाठी नळी आणि सेन्सर दोन्ही काढून टाकले.

या चारही ठिकाणी इंजिन धडधाकट होतं. पकड, दांडी, बाटली, नळी यांनी घात केला. उत्पादनाचा वेग वाढवताना हे भाग सगळ्यांत आधी बाहेरच्या पुरवठादाराकडे जातात आणि त्यांची तपासणी सगळ्यांत कमी होते.

---

थर-थर

त्रिमितीय छपाईचा विषय अजून कोणी काढला नाही. थोडक्यात आणि अतिशयोक्ती न करता.

धातूची भुकटी पातळ थरात पसरायची, लेसरने हवी तिथे वितळवायची, पुन्हा थर. इन्कोनेल ७१८ सारखी निकेलची मिश्रणं किंवा तांब्याची मिश्रणं यात चालतात. फायदा जोडांचा. जुन्या पद्धतीत इंजिनाच्या भिंतीत शेकडो नळ्या झाळून बसवायच्या, प्रत्येक झाळ गळतीची शक्यता. छापताना थंडाव्याच्या वाहिन्या भिंतीतच येतात. रॉकेट लॅबच्या रदरफोर्ड इंजिनाचे मुख्य भाग असेच होतात. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून जे चाचणी उड्डाण केलं त्याचं सेमी-क्रायो (केरोसीन आणि द्रव प्राणवायूवर चालणारं) इंजिन एकाच तुकड्यात छापलेलं होतं.

काय बिघडतं? बारीक वाहिनीत न वितळलेली भुकटी अडकून राहते. ती हलवून, झटकून, दाबाने काढली नाही तर पुढच्या उष्णता-प्रक्रियेत तिथेच घट्ट बसते आणि वाहिनी कायमची बंद. म्हणून रचना करतानाच भुकटी बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. वाहिनीचा आतला पृष्ठभाग खडबडीत येतो, त्यामुळे दाब जास्त खर्च होतो. धातूच्या आतली सूक्ष्म छिद्रं बुजवायला भाग उच्च दाबाच्या गरम भट्टीत ठेवतात, त्यात तो किंचित आकसतो, ते आधीच हिशेबात धरावं लागतं. आणि शेवटी सीटी स्कॅन.

इंजिनापुरती छपाई उत्तम. अख्खं रॉकेट छापण्याबद्दल मला शंका आहे. रिलेटिव्हिटीच्या टेरन-१ मध्ये वजनाने ८५ टक्के भाग छापलेला होता. मार्च २०२३ च्या उड्डाणात रचनेने सगळ्यांत जास्त ताण व्यवस्थित सोसला, पण दुसरा टप्पा नीट पेटला नाही. पुढच्या टेरन-आर मध्ये कंपनीने छपाईचा वाटा खूप कमी केला. सरळ नळकांडं पत्रा वळवून जास्त लवकर होतं.

---

उंबरठा

महाराष्ट्राचा यात किती हात आहे हे आपल्याच लोकांना कमी ठाऊक असतं. पीएसएलव्ही आणि जीएसएलव्हीच्या द्रव टप्प्यांतलं विकास इंजिन गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार होतं. पीएसएलव्हीच्या आणि एलव्हीएम३ च्या घन मोटरींची केसिंग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला होतात. क्षेपणास्त्रांकडे बघायचं तर पुण्यात पाषाणला डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) एआरडीई आणि एचईएमआरएल या प्रयोगशाळा, नाशिकला डीआरडीओचं घन इंधनाचं केंद्र, नागपूरला सोलार समूहाचा कारखाना. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका रॉकेटांच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटींचे करार झाले, त्यातला एक सोलारच्याच इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जशी, दुसरा म्युनिशन्स इंडियाशी.

केसिंगबद्दल एक तपशील. मोठ्या मोटरींना मॅरेजिंग पोलाद (निकेल मिसळलेलं खास पोलाद) वापरतात. वेल्ड करताना ते तुलनेने मऊ असतं. सगळं जोडून झालं की ४८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून ते कडक करतात. भट्टीत तापमान सगळीकडे सारखं नसेल तर एका बाजूची ताकद कमी येते. केसिंग तीन मीटर व्यासाचं असताना आतलं तापमान काही अंशांच्या फरकात ठेवणं हे खरं कसब आहे. नंतर पाण्याच्या दाबाने चाचणी. त्यात गोलाई मिलिमीटरभर जरी बिघडली तरी दोन तुकड्यांचा सांधा नीट बसत नाही. सांध्यातल्या रबरी कड्यांनी काय होऊ शकतं हे २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजरच्या अपघातात जगाने पाहिलंय.

---

पाचवा मजला

क्षेपणास्त्रांत घन मोटर सोडून आणखी काय अडतं?

---

नोझल

डोळा, म्हणजे लक्ष्य शोधणारा सीकर. अमेरिकेच्या पेट्रियट हवाई संरक्षण यंत्रणेतल्या पॅक-३ क्षेपणास्त्राचा सीकर बोइंगच्या हंट्सव्हिलच्या कारखान्यात होतो. क्षेपणास्त्र बनवणाऱ्या लॉकहीडने मुख्य जोडणीची रांग वाढवली तरी सीकर येतील तेवढीच क्षेपणास्त्रं बाहेर पडणार. बोइंगने तो कारखाना म्हणूनच वाढवला.

शिवाय क्षेपणास्त्र वर्षानुवर्षं कोठारात पडून राहतं. रॉकेटाचं इंधन ओतल्यावर काही काळात जळून जातं. क्षेपणास्त्राचं इंधन प्राणवायूने हळूहळू कडक होतं आणि थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत आवरणापासून सुटू शकतं. म्हणून प्रत्येक खेपेतले काही नमुने बाजूला ठेवून दर काही वर्षांनी कापून, ताणून बघतात. मागणी वाढली म्हणून हे नमुने कमी करता येत नाहीत.

---

गणिती

भारताच्या पुढच्या वाटेबद्दल दोन आकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने एनजीएलव्हीला (इस्रोच्या पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला) ८,२४० कोटी मंजूर केले: खालच्या कक्षेत ३० टन, पहिला टप्पा परत वापरायचा, तीन विकास उड्डाणं, मुदत आठ वर्षं. दरम्यान इस्रो एसई-२००० हे २००० किलोन्यूटन रेट्याचं केरोसीन-प्राणवायू इंजिनही तयार करतंय. जुलै २०२३ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत १.९ सेकंदांपर्यंत सगळं ठीक होतं, मग टर्बाइनच्या दाबात अनपेक्षित उसळी आली, वेग पडला आणि चाचणी थांबवावी लागली. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या इस्रो केंद्रात अडीच सेकंदांची चाचणी यशस्वी झाली.

---

टर्बोपंप

अडीच सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण त्याच वेळात सगळं ठरतं. प्राणवायूने समृद्ध गरम वायू टर्बाइनवर जातो तेव्हा साधं पोलादसुद्धा पेट घेतं. व्हॉल्व्ह उघडण्याचा क्रम काही मिलिसेकंदांनी चुकला तर मिश्रणाचं प्रमाण क्षणभर बिघडतं आणि तेवढ्यात पाती जळतात. इंजिन न पेटवता फक्त गरम वायूची यंत्रणा, टर्बोपंप आणि व्हॉल्व्ह यांची चाचणी आधी करतात ती यासाठीच. महेंद्रगिरीला दोन्ही वेळा हेच चाललं होतं, मुख्य ज्वलनकक्ष जोडलेला नव्हता.

पुनर्वापरासाठी इंजिन हवेत पुन्हा पेटायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये विकास इंजिन ६० सेकंद चालवून, १२० सेकंद बंद ठेवून, पुन्हा ७ सेकंद चालवलं. त्याचं इंधन आणि ऑक्सिडायझर भेटताच पेटतात, म्हणून पेटणं सोपं. पण बंद असताना गरम इंजिनाची उष्णता मागे पंपांकडे आणि सीलकडे झिरपते. त्या दोन मिनिटांत सील किती तापले आणि गळती झाली का, हे बघणं हाच त्या थांब्याचा उपयोग.